रस, गंध आणि कथा

मराठी समीक्षेची परिभाषा जिभेची ऋणी आहे. रस, आस्वाद, चर्वणा, रुची हे सारे शब्द चवीच्या अनुभवातून आलेले. रस म्हणजे काय हे उलगडताना भरताने नाना व्यंजनांनी संस्कारित अन्नाचाच दाखला दिला. काव्याची विभागणी मात्र दृश्य आणि श्रव्य अशी झाली. चव रूपकापुरती उरली. स्पर्श आणि गंध यांना या विभागणीत जागाच मिळाली नाही. ज्याला दृष्टी वा श्रवण नाही, अशा सहृदयाचे काय, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतो.

हेलन केलर (१८८०-१९६८) यांच्या लेखनाने तो तीव्र केला. एकोणीस महिन्यांच्या असताना त्यांनी दृष्टी आणि श्रवण दोन्ही गमावले. पुढे त्यांच्या गद्यात रंग आणि नाद दिसले, तेव्हा हे शब्द उसने असल्याचा आक्षेप घेतला गेला. ‘द वर्ल्ड आय लिव्ह इन’ (१९०८) या पुस्तकात त्यांनी हाताचे आणि घ्राणाचे जग उभे केले. वादळाची चाहूल काही तास आधी गंधावरून लागते, असे त्या नोंदवतात. काय घडणार, ही कथेला आवश्यक असणारी उत्कंठा येथे वासातून निर्माण होते.

तीव्र बौद्धिक आणि बहुविध अपंगत्व असलेल्या श्रोत्यांसाठी रचल्या जाणाऱ्या बहुसंवेदी कथा याच तत्त्वावर उभ्या असतात. मोजकी वाक्ये, वाक्यागणिक एखादी वस्तू (ओले कापड, झाडाची खडबडीत साल, ठेचलेले आले) आणि दर वेळी तोच क्रम. सांगणारा प्रतिसादासाठी थांबतो. पुनरावृत्तीतून ओळख होते, ओळखीतून अपेक्षा जागी होते. साल हाताला लागताच श्रोत्याची मान आल्याच्या दिशेने वळली, तर त्याला कथा कळली नाही असे कशाच्या आधारे म्हणावे?

हा उपचार आहे, साहित्य नव्हे, असे म्हटले जाईल. परंतु क्रम, अपेक्षा आणि अपेक्षापूर्ती हे कथनाचेच घटक आहेत. दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ कला दिव्यांगांना सुलभ करण्याविषयी बोलतो. ब्रेल आणि ध्वनिमुद्रण अर्थातच हवे. पण तेथे डोळसांसाठी सिद्ध झालेली संहिताच रूपांतरित होते. बहुसंवेदी कथेत हा श्रोता रचनेच्या आरंभापासून गृहीत धरलेला असतो. तिचे मूल्यमापन करायचे, तर समीक्षेला आपल्याच परिभाषेतील ‘आस्वाद’ हा शब्द पुन्हा एकदा अक्षरशः घ्यावा लागेल.