बॉनेटखालचा गंज

खर्डा पर्जन्यछायेतलं गाव. कोकणातल्या खाऱ्या हवेत पत्रा सडतो तसा जामखेड तालुक्यात सडत नाही, म्हणून इकडची जुनी फियाट बाहेरून वर्षानुवर्षं धडधाकट दिसू शकते. बॉनेट उघडल्यावर मात्र बॅटरीच्या ट्रेखाली पापुद्रे सुटलेले आढळतात. कोरड्या मुलखात हा गंज येतो कुठून? बॅटरीतून सुटणाऱ्या आम्लाने रंग जातो, झिरपलेल्या ब्रेक ऑइलने तो फुगून निघतो, आणि कोपऱ्यात साचलेली माती धुण्याचं पाणी धरून ठेवते. उघड्या पडलेल्या लोखंडाला ओल आणि हवा मिळाली की एवढं पुरतं. म्हणजे इथला गंज पावसाचा कमी आणि गाडीच्या स्वतःच्या गळतीचा जास्त. म्हणून बॉनेटखालची दुरुस्ती हे रंगकाम नसून कारणांचा शोध आहे, आणि तो घरी, सवडीने केलेलाच बरा, असं माझं ठाम मत आहे.

या गाडीच्या बाबतीत तर हा शोध टाळताच येत नाही. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून फियाट 1100 डिलाइट बाहेर पडू लागली. तीच पुढे पद्मिनी झाली. जीपसारखी वेगळी शिडीवजा चॅसिस तिला नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. त्यामुळे बॉनेटखाली दोन्ही बाजूंचा पत्रा आतून पोकळ झाला तर पुढच्या चाकांचा आधारच कच्चा होतो. अशा जागी लांबी भरून वर काळा रंग मारणं मला धोक्याचं वाटतं. गंज मूळच्या लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. रंगाखाली तो वाढतच राहतो आणि चकचकीत थर त्याला लपवतो. आधी बॅटरी काढावी, आम्लाची जागा खाण्याचा सोडा कालवलेल्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी, मग वायरब्रशने घासत घट्ट पत्र्यापर्यंत जावं. स्क्रूड्रायव्हरचं टोक जिथे आत घुसतं तिथे पत्रा संपलेला असतो. जिथे नुसते खड्डे आहेत तिथे फॉस्फोरिक आम्लाचं गंजरोधक आणि त्यावर प्रायमर पुरतो. आणि हे सगळं गळती थांबवल्यानंतर. ब्रेक ऑइल झिरपतच राहिलं तर कितीही भारी रंग टिकायचा नाही.

हे गॅरेजवाला निम्म्या वेळात करील, असं कोणी म्हणेल. वेल्डिंगपुरतं ते खरंच आहे. भार पेलणारा पत्रा जोडायला सराईत हातच हवा. पण गॅरेजचा हिशेब दिवसांवर चालतो, आणि प्रत्येक डाग कुठून सुरू झाला हे शोधत बसण्याचे पैसे सहसा कोणी देत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: इतकी मेहनत करायचीच तर सगळंच नवं का बसवू नये? इथे मला गावचा किल्ला आठवतो. मराठे आणि निजाम यांच्यातल्या 1795 च्या लढाईमुळे खर्ड्याचं नाव इतिहासात गेलं. त्या काळची चुन्यातली भिंत सिमेंटने लिंपली तर आतली ओल कोंडते आणि शेजारचा शाबूत दगडही झिजू लागतो. दुरुस्तीने चांगलं उरलेलं बिघडू नये, एवढी शिस्त भिंतीला लागते आणि पत्र्यालाही.

कायदाही याच बाजूने झुकतो. जुलै 2021 च्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात हवी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. नोंदणी झाली तरी अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, त्यामुळे जुनी वाहनं धूर वाढवतात हा रास्त आक्षेपही तिच्यापुरता सौम्य होतो. गाडीचं हे मूळ रूप आणि तिची ओळख जपायची म्हणून ग्राइंडर हातात घेण्याआधी चॅसिस नंबर कोणत्या पत्र्यावर ठोकला आहे ते पाहून ठेवावं. तेवढी जागा बारीक पॉलिश पेपरने हातानेच घासावी, आणि रंगाचा थर इतका पातळ द्यावा की आकडे वाचता येतील.