नळीला सोसेल तेवढी

गोव्याचा कोंकणी माणूस 'सोरो' पितो आणि 'दारू' बंदुकीत घालतो. मराठीने मात्र दोहोंची बोळवण एकाच शब्दात केली आहे. ज्यांचे प्रमाण चुकले की घर बुडते, अशा दोन वस्तूंना एकच नाव ठेवण्यात तिने फारसे वावगे केले, असे आम्हांला वाटत नाही.

पेडण्याला आमच्या मामांकडे ठासणीची बंदूक होती. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणासाठीच्या अशा बंदुकीचा मुद्दाम उल्लेख आहे, हे आम्हांला पुढे कायदा शिकताना समजले. तोवर भात पोटरीस आल्यावर रानडुकरांना पिटाळण्यासाठी रात्री होणारा आवाज, एवढीच तिची आमची ओळख.

दारूच्या बाबतीत मामा मोठे चोखंदळ. सोरा, कोळसा आणि गंधक यांची ती काळी दारू पावसाळ्यात ओल धरते. म्हणून चिमटीत दाबून दाणे एकमेकांना चिकटले की ती बाद. बारीक दाणा झटकन जळतो आणि नळीवर ताण आणतो. म्हणून दाणा जाडच हवा. मोजायला शिंगाचे एक माप होते. त्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

पंधराव्या वर्षी आम्ही एका पुस्तकात वाचले, की 1884 मध्ये पॉल व्ह्येय ह्या फ्रेंच रसायनज्ञाने जवळजवळ धूर न करणारी, काळ्या दारूहून कितीतरी जोरकस दारू शोधून काढली. मामेभावाने कुठूनसे एक काडतूस पैदा केले होते. त्यातली दारू ह्या बंदुकीत भरावी, असा सल्ला आम्ही त्याला दिला. आयुष्यात दिलेला तो आमचा पहिला सल्ला!

मामांनी आम्हांला पकडले; पण ते रागावले नाहीत. अंगणापलीकडच्या कातळावर त्यांनी दोन्ही दारूंची चिमूट चिमूट ठेवली आणि लांब काठीने पेटवली. काळी भस्सकन उडाली, पांढरा धूर झाला. दुसरी पिवळ्या ज्योतीने शांतपणे जळत राहिली. आम्ही हसलो.

"उघड्यावर ती अशीच गरीब," मामा म्हणाले. "कोंडली की दाब वाढतो, दाबाने ती आणखी भडकते, आणि जुनी नळी फाटते. नळीक सोंसता तितलीच दारू, बाबा."

पुढे आम्ही वकील झालो, मामा अंथरुणाला खिळले. एका पावसाळ्यात घरची दारू ओली झाली, डुकरे शेतात शिरली आणि मामेभावाला वडिलांचा कातळ आठवला नाही, आमचा सल्ला आठवला. नळी फुटली. डाव्या हाताची दोन बोटे गेली.

तो आता डिचोलीत कुळागर सांभाळतो. गेल्या वर्षी नव्या परवान्याच्या अर्जासाठी तो आमच्याकडे आला. अर्ज आम्ही लिहिला, त्याने सही केली. डावा हात तेवढा मांडीवरच राहिला. आमच्या त्या सल्ल्याचा उल्लेख त्याने आजवर केलेला नाही. जाताना मात्र फी विचारली. आम्ही मान हलवली. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "दादा, बाबांचे ते शिंगाचे माप अजून माझ्याकडे आहे."

तेव्हापासून कोणी पक्षकार सल्ला मागू लागला, की आम्ही आधी त्याच्याकडे नीट पाहून घेतो. सल्ला खरा असला म्हणून काय झाले? नळी कोणती, हेही पाहावे लागते.