मध्यवर्ती कल्पनेचा शोध

उताऱ्याखाली ‘मध्यवर्ती कल्पना लिहा’ असा प्रश्न आला, की भंडारा जिल्ह्यातील ज्या मुलांना मी वर्षानुवर्षे मराठी शिकविले, त्यांची लेखणी प्रायः दोनच वाटांनी जाई: एक तर ती उताऱ्याचे पहिले वाक्य जसेच्या तसे उतरून काढीत, नाही तर साऱ्या तपशिलाचा गोषवारा मांडीत. परंतु जमाबंदीच्या गोषवाऱ्यात लहानमोठी प्रत्येक रक्कम बेरजेस धरावी लागते. लेखकाने मात्र एका विधानासाठी बाकीची सर्व विधाने कामाला लावलेली असतात, आणि ते एक विधान ओळखणे हेच खरे आकलन होय.

म्हणून मी आमच्याच मुलखातील मालगुजारी तलावांवर एक उतारा रचून वर्गात देत असे. कोहळी समाजातील जाणत्या लोकांनी उताराच्या जागी मातीची पाळ घालून पावसाचे पाणी अडविले, त्या पाण्यावर खालच्या बांध्यांतील धान पिकले, पाळीची डागडुजी गावाने आपली म्हणून केली. परंतु १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी पद्धत, संपुष्टात येऊन तलाव सरकारजमा झाले, तेव्हा पाण्याचा उपभोग आणि तलावाची निगा यांची जुनी सांगड हळूहळू सुटली, असा त्याचा आशय. ‘कोहळ्यांनी तलाव बांधले’ हे उत्तर हमखास येई. मग मी एकेक वाक्य झाकून उतारा पुन्हा वाचावयास सांगे. ‘परंतु’नंतरचे वाक्य झाकताच आधीची सारी माहिती निराधार होते, हे मुलांच्या आपोआप ध्यानी येई.

कथेत हा उपाय चालत नाही, कारण तेथे ते वाक्य बहुधा लिहिलेलेच नसते. त्याच विषयावर मी एक लहानशी गोष्ट सांगे: तलाव सरकारी झाल्यावरही एक वृद्ध दर मृगाच्या आधी फावडे घेऊन पाळीवर जातो, उंदरांची बिळे बुजवितो आणि मुकाट्याने घरी येतो. ‘तलावांची काळजी घ्यावी’ असे तात्पर्य बहुतेकांनी लिहिले, एक मुलगी मात्र उठून म्हणाली, “गुरुजी, त्याले कोणी बलावलं नाही, तरी थो गेला.” हक्क गेल्यावरही उरलेली कर्तव्याची जाणीव तिने नेमकी पकडली होती, आणि तीही कथेतील एका घटनेवर बोट ठेवून. माझ्या मते याहून चांगले उत्तर नाही.

तात्पर्याची ही सवय जुनी आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे इसापनीतीचे भाषांतर १८२८ साली छापले गेले, तेव्हापासून गोष्टीच्या शेवटी बोध असतो हा संस्कार आपल्या शालेय वाचनावर दृढ झाला; नीतिकथेपुरता तो योग्यही आहे. परंतु दिवाकर कृष्णांच्या ‘अंगणातला पोपट’पासून, म्हणजे १९२२ पासून, मराठी लघुकथा माणसाच्या अंतःकरणाकडे वळली, आणि परीक्षेतील प्रश्न मात्र अद्याप इसापाच्याच दप्तरातून निघत आहेत.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्या व तपासणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना म्हणूनच आग्रहाची विनंती आहे: आदर्श उत्तराचे एकच वाक्य समोर ठेवून गुण कापू नका, विद्यार्थ्याने आपल्या म्हणण्याला कथेतील आधार दाखविला असेल, तर त्याचे उत्तर तुमच्याहून निराळे असले तरी त्याला पूर्ण गुण द्या.