गडी कुणाचा?

कबड्डीचा सामना चाळीस मिनिटांत संपतो. पण कोणता गडी ठेवावा आणि कोणता सोडावा हा वाद वर्षभर पुरतो. आमच्या शाळेच्या मधल्या सुट्टीत हा वाद आम्ही गेली काही वर्षे ऐकत आलो आहोत. तिगावच्या या मुलांपैकी बहुतेकांनी नागपूरच्या पलीकडचे जग फारसे पाहिलेले नाही. तरीही 'पुणेरी पलटण' या संघातला कोणता खेळाडू कोणत्या वर्षी किती रुपयांस कोणत्या संघात गेला, हे त्यांना तोंडपाठ असते. इतिहासाच्या तासाला ज्यांना सनावळी आठवत नाही, त्यांच्याही जिभेवर हे सन बिनचूक येतात. प्रथम आम्हांला याचे हसू येई. पुढे लक्षात आले, की ही मुले ज्या प्रश्नावर भांडतात तो पोरकट नाही. एखाद्या माणसाला जवळ ठेवावे की निरोप द्यावा, आणि तो निर्णय चुकला की बरोबर ठरला हे कसे ओळखावे, हा तो प्रश्न आहे. हा प्रश्न पुढे त्यांच्या घरीदारी, शेतीत आणि नोकरीत पुन्हा पुन्हा उभा राहणार आहे.

वडीलधाऱ्या वाचकांसाठी थोडी हकीकत सांगणे अवश्य आहे. प्रो कबड्डी लीग 2014 साली सुरू झाली. तिच्यात आज बारा संघ आहेत. काही खेळाडूंना संघ कायम ठेवतो, बाकीचे लिलावात उतरतात, आणि अलीकडच्या लिलावांत प्रत्येक संघाला खर्चासाठी पाच कोटी रुपयांची मर्यादा होती. तेवढ्यात निदान अठरा गड्यांचा संघ उभा करायचा, त्यांतले सात जण एका वेळी मैदानात. एकावर अधिक खर्च केला की दुसऱ्यासाठी कमी उरतात. घरखर्च चालविणाऱ्या माउलीला हा हिशेब निराळा समजावून सांगायला नको.

आता पलटणीची गोष्ट. 2022 साली पुण्याने इराणचा नामवंत पकडवीर फजल अत्राचली याला एक कोटी अडतीस लाखांस घेतले आणि कर्णधार केले. त्या वर्षी 17 डिसेंबरला मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात जयपूरने पुण्याला 33-29 असे हरविले. पुढच्या लिलावापूर्वी पुण्याने फजलला मोकळे केले. त्याच 2023 च्या ऑक्टोबरात पुण्याने त्याचाच देशबांधव, डाव्या कोपऱ्याचा महंमदरेझा शादलू, दोन कोटी पस्तीस लाखांस घेतला. त्याआधी दोन-तीन दिवसच, 7 ऑक्टोबरला, हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने इराणला 33-29 असे हरविले होते. त्या भारतीय चमूत पुण्याचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे होते, आणि समोरच्या इराणच्या संघात हाच शादलू! प्रतिस्पर्धी म्हणून जो खटकत होता, तो आठवडा उलटण्याच्या आत सोबती झाला. अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम कर्णधार झाला, आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबाद येथे हरियाणाला 28-25 असे नमवून पुण्याने आपले पहिले विजेतेपद मिळविले.

यानंतर वादाचे खरे कारण घडले. विजेतेपदानंतर पुण्याने आपले बहुतेक तरुण गडी कायम ठेवले, पण शादलूला सोडले. ऑगस्ट 2024 मधल्या लिलावात हरियाणाने त्याला दोन कोटी सात लाखांस घेतले. त्या मोसमात अस्लमचा गुडघा दुखावला, आणि गतविजेती पलटण पहिल्या सहांतही आली नाही. 29 डिसेंबर 2024 रोजी पुण्यातच, बालेवाडीला, हरियाणाने पाटण्याला 32-23 असे हरवून चषक उचलला, आणि तो उचलणाऱ्यांत शादलू होता.

दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेत जो गदारोळ झाला तो काय वर्णावा! दहावीतल्या एका विद्यार्थ्याने फळ्यावर दोन रकाने आखले: 'ठेवायला हवा होता' आणि 'सोडला ते बरे'. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे, की ज्याच्या बळावर चषक आला त्याला वर्षभरात सोडणे ही कृतघ्नता, शिवाय मूर्खपणाही. दुसऱ्या पक्षात गणितात हुशार असलेली एक मुलगी होती. तिने हिशेब मांडला. पाचांतले दोन कोटी पस्तीस लाख म्हणजे शेकडा सत्तेचाळीस. उरलेल्या दोन कोटी पासष्ट लाखांत निदान सतरा गडी, म्हणजे दरडोई सुमारे साडेपंधरा लाख. "सर, एका कोपऱ्यासाठी बाकीची सहा जागा उघडी ठेवायची काय?" असे तिने आम्हांलाच विचारले. पहिल्या पक्षाने उत्तर दिले, "चषक कोणाच्या घरी गेला ते बघ!" आणि वाद तेथेच संपला, असे त्या पक्षाला वाटले.

आम्हांला मात्र तो संपला असे वाटले नाही. आपल्या भागातल्या संत्र्याच्या बागांचे उदाहरण घ्या. व्यापारी येतो, झाडावरची फळे पाहतो आणि बहाराचा सौदा झाडावरच करतो. पुढे गारपीट होईल की नाही, गळ किती होईल, नागपूरच्या बाजारात भाव काय राहील, हे त्या दिवशी ना बागाईतदाराला ठाऊक असते ना व्यापाऱ्याला. सौदा झाल्यावर आठ दिवसांनी गारा पडल्या तर आपण बागाईतदाराला शहाणा म्हणतो. भाव चढला तर त्यालाच वेडा ठरवितो. वस्तुतः माणूस तोच, सौदा तोच, त्या दिवसाचे ज्ञानही तेच. बदलले ते आभाळ. निर्णयाची परीक्षा तो घेतला त्या दिवशी जे ठाऊक होते त्यावर व्हावी. आभाळाचे गुण त्याच्या उत्तरपत्रिकेत मिळवू नयेत. अस्लमचा गुडघा दुखावेल हे ऑगस्टात कोणास ठाऊक होते?

पुढच्याच वर्षी आभाळ पुन्हा बदलले. 2025 च्या लिलावात शादलू हरियाणाकडून गुजरातकडे गेला, दोन कोटी तेवीस लाखांस. आणि त्या मोसमाच्या अंतिम सामन्यात गुजरात नव्हता, पुणे होते. ज्या तरुणांना ठेवण्यासाठी शादलूला निरोप दिला होता, त्यांच्यातलेच काही जण 31 ऑक्टोबर 2025 रोजी दिल्लीत अंतिम सामन्याला उतरले. आता दुसरा पक्ष उड्या मारू लागला. पण त्या सामन्यात दिल्लीने पुण्याला 31-28 असे हरविले, आणि अखेरच्या क्षणांत पुण्याच्या आदित्य शिंदेची जी निर्णायक पकड झाली ती फजलने केली. पुण्याने 2023 साली मोकळा केलेला तोच फजल! निकालावरूनच शहाणपण ठरवायचे, तर पुण्याचे चालक मार्च 2024 मध्ये शहाणे, डिसेंबरात मूर्ख, पुढच्या ऑक्टोबरात सामना सुरू होईपर्यंत शहाणे आणि सामना संपताच पुन्हा मूर्ख, असे म्हणावे लागेल. इतक्या वेळा बदलणाऱ्या मताला मत कसे म्हणावे?

किमतीविषयीही मुलांचा एक समज आम्हांला दूर करावासा वाटतो. आमची घरची भाषा कोकणी. तिच्यात लिलावाला 'पावणी' म्हणतात. आमच्याकडे देवळात देवापुढे आलेल्या फळांची पावणी होते. बाजारात चाळीस रुपयांना मिळणारा नारळ तेथे कोणी पाचशेला घेतो. नारळ तोच, घेणाऱ्याची निकड, नवस आणि समोरच्याची चढाओढ निराळी. लिलावातला आकडा घेणाऱ्याची गरज सांगतो, वस्तूचे मोल सांगत नाही. शादलू दोन कोटी पस्तीस लाखांवरून दोन कोटी सातांवर आला, तेव्हा "अठ्ठावीस लाखांनी उतरला" असे मुले म्हणाली. त्याचा खेळ मात्र उतरला नव्हता. त्याच वर्षी तो विजेत्या संघात होता.

भाषेचा शिक्षक म्हणून आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. फजल सोडला गेला, शादलू घेतला गेला, अमका इतक्याला विकला गेला: या साऱ्या वाक्यांत गडी हा नेहमी कर्म असतो. मैदानावर जो चढाई करतो, पकड करतो, पडतो आणि उठतो, तो कर्ता व्याकरणाच्या एका फटक्यात कर्म होऊन बसतो. खेळाडू आपल्या खुशीने लिलावात उतरतो, करार करतो, त्याचा चरितार्थ त्यावर चालतो, हे खरे. यात अन्याय आहे असे आमचे म्हणणे नाही. पण ती भाषा ऐकणाऱ्याच्या मनावर काय परिणाम करते, ते आम्ही आमच्याच अंगणात पाहिले.

आमच्या शाळेचा कबड्डीचा चमू बारांचा. दोन वर्षे कर्णधार राहिलेल्या दहावीतल्या एका मुलाला एका वर्षी क्रीडाशिक्षकांनी पहिल्या सातांतून वगळले आणि नववीतला एक चपळ मुलगा घेतला. यादी लागण्यापूर्वी त्यांनी जुन्या कर्णधाराला बोलावून कारण सांगितले होते: तुझी पकड चांगली आहे, पण आपल्याला चढाईला गडी हवा आहे. निर्णय विचारपूर्वक होता आणि तो ज्याचा त्याला समक्ष कळविला होता. तरीही दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलाला "तुला मोकळा केला काय रे?" असे हिणविले गेले, आणि सरावात त्या नव्या मुलाची पहिली चढाई फसताच त्याच्याच सोबत्यांनी हुर्यो केली. एकाने संघ सोडला नव्हता, दुसऱ्याने जागा हिसकावली नव्हती. दोघांनाही निर्णय करण्याचा अधिकार नव्हता, आणि निर्णयाची शिक्षा मात्र दोघांनीच भोगली.

त्या आठवड्यात निबंधाचा तास बाजूला ठेवून आम्ही हा वाद उघडपणे वर्गात घेतला. मुलांना सांगितले, की भांडा, पण तीन प्रश्न विचारून भांडा. निर्णयाच्या दिवशी काय ठाऊक होते? हा गडी घेण्यासाठी किंवा ठेवण्यासाठी कशावर पाणी सोडावे लागत होते? आणि ज्याला निरोप दिला त्याला माणसासारखा दिला काय? पहिल्या दोन प्रश्नांवर दोन पक्ष राहतील, राहावेत. तिसऱ्यावर मात्र दोन पक्ष नसावेत. वर्गात थोडा वेळ शांतता झाली. मग पुण्याच्या बाजूने सर्वांत कडाडून बोलणारा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे सर, शिव्या द्यायच्याच असल्या तर यादी करणाऱ्याला द्यायच्या, गड्याला नाही." शिव्या कोणालाच नकोत असे आम्ही सांगितले, पण त्याने मर्म बरोबर पकडले होते.

आपला चमू त्या वर्षी दुसऱ्या सामन्यात हरला. "जुना कर्णधार असता तर!" असे काही जण म्हणालेच. त्याने काय झाले असते हे सांगता येत नाही, आणि म्हणून त्या पराभवाने काही सिद्धही होत नाही. तो मुलगा आठ दिवस मैदानाकडे फिरकला नाही. नवव्या दिवशी आला, बूट काढून रेषेबाहेर बसला, आणि थोड्या वेळाने उठून कोपऱ्यात उभा राहिला. त्याला काय वाटले ते आम्ही विचारले नाही.

आपल्या मुलखात पक्ष जन्माने ठरण्याची रीत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर येतात, तेव्हा कोण कुठल्या बाजूचा हे घर कोणत्या काठावर आहे यावरून ठरते. त्या गोटमारीत रक्त सांडते, तिचे गुणगान आम्हांला करावयाचे नाही. पण काठ बदलणारा माणूस आपल्याला का सलतो, ते तिच्यावरून कळते. परंतु, विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळांना काठ बदलावा लागणार आहे. कोणी नागपूरला शिकायला जाईल, कोणी पुण्याच्या कारखान्यात लागेल, कोणाची बदली होईल, कोणाला एखादी जागा सोडून जाण्यास सांगितले जाईल. तेव्हा तुमच्याविषयी लोकांनी कसे बोलावे अशी तुमची इच्छा असेल, तसे आज फजलविषयी, शादलूविषयी आणि आपल्या वर्गातल्या बाराव्या नंबरच्या गड्याविषयी बोलायला शिका. पुढच्या वर्षी चमूची यादी फळ्यावर लागेल. तिच्यात ज्यांची नावे असतील त्यांच्याभोवती गर्दी आपोआप होईल. ज्याचे नाव नसेल त्याच्याकडे मात्र कोणीतरी मुद्दाम चालत जावे लागते.