झिजलेले नाणे

आमच्या कपाटात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात कागदी पाकिटांतून रोमन साम्राज्य राहते. असे सांगितले की पाहुणे हसतात, आणि सौ. तर दर दिवाळीच्या आधी "साम्राज्यावरची धूळ तेवढी पुसून घ्या" असे बजावते. हसणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. इंदुरातल्या शासकीय शाळेचा मुख्याध्यापक, त्यातून मराठीचा एम. ए., आणि त्याने सतराशे-अठराशे वर्षांपूर्वीची परदेशी नाणी जमवावीत, हे जरा विसंगतच दिसते.

या छंदाचे बीज २००४ साली पडले. आमचे धाकटे बंधू नोकरीनिमित्त इंग्लंडात गेले होते. पहिल्या सुटीवर घरी आले तेव्हा त्यांनी आमच्या तळहातावर एक तपकिरी, गुळगुळीत, इंचाहून थोडा रुंद असा ब्राँझचा तुकडा ठेवला. "दादा, रोमन आहे. अस्सल आहे. ही पावती." पावतीवर सहा पौंड लिहिले होते, म्हणजे त्या वेळचे सुमारे पाचशे रुपये. सौ.ने तुकडा खिडकीशी नेऊन पाहिला आणि "यात काही दिसत तर नाही," असा निर्णय दिला.

दिसण्यासाठी आम्हांला पुढे सहा महिने लागले. नाणे रोमचे नव्हतेच. रोमन साम्राज्यातल्या, विशेषतः पूर्वेकडच्या, शेकडो गावांना स्वतःची नाणी पाडण्याची मुभा होती. एका बाजूला बादशहाचे मुख आणि दुसऱ्या बाजूला गावाचे जे काही आपले असेल ते, देव, देऊळ, नदी, डोंगर, अशी ही प्रांतिक नाणी. आजच्या तुर्कस्तानातील कायसेरी म्हणजे तेव्हाचे कैसरिया. त्या गावाने आपल्या नाण्यांवर गावामागचा अर्गेउस पर्वत उमटवला, कारण तोच त्यांचा देव होता. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत संपली. शेवटपर्यंत टिकली ती इजिप्तमधली अलेक्झांड्रियाची टांकसाळ.

आपल्या वाचकांना, निदान आम्हां माळव्यातल्या मराठी माणसांना, यात परके वाटण्यासारखे काही नाही. होळकरांचे रुपये दिल्लीच्या शाह आलम बादशहाच्या नावाने पडत होते, आणि त्याच रुपयांवर महेश्वरच्या टांकसाळीने शिवलिंग आणि बेलाचे पान उमटवले होते. नाव बादशहाचे, देव आपला. दूरच्या प्रांतात राहून आपले घरचे जपण्याची ही रीत आमच्या चांगल्याच परिचयाची होती. या नाण्यांनी आम्हांला धरून ठेवले ते यामुळेच.

आमचे नाणे विमिनाकिउमचे निघाले. हे गाव आजच्या सर्बियात, डॅन्यूब नदीच्या काठाजवळ होते. नाण्यावर मधोमध एक स्त्री उभी, तिच्या एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला सिंह. स्त्री म्हणजे मोएसिया प्रांत. बैल हे सातव्या क्लाउडिया पलटणीचे चिन्ह, सिंह हे चौथ्या फ्लाविया पलटणीचे. पुढच्या बाजूला तिसरा गॉर्डियन. हा इ. स. २३८ मध्ये तेराव्या वर्षी गादीवर आला आणि २४४ मध्ये इराणच्या मोहिमेवर असताना गेला. आमच्या आठवीतल्या मुलांच्या वयाचा बादशहा! आम्ही नाणे वर्गात नेले. मुलांनी ते हातोहात फिरवले, कागदाखाली ठेवून पेन्सिलीने घासून त्याचे ठसे काढले. एका मुलीने तर ठामपणे सांगितले की सिंह आहे, रेडा आहे, तेव्हा मधली बाई देवीच असली पाहिजे. आम्ही तिला पलटणींची हकीकत सांगितली खरी, पण मनातून तिचे उत्तर आम्हांला अधिक आवडले होते.

तथापि एक उणीव टोचत राहिली. विमिनाकिउमच्या नाण्यांवर चित्राखाली साल असते. २३९ मध्ये गावाला नाणी पाडण्याचा अधिकार मिळाला, तेथून त्यांची कालगणना सुरू होते. आमच्या नाण्यावर नेमका तोच भाग झिजून सपाट झाला होता. ज्याला मुलांच्या उत्तरपत्रिकांतले अर्धे अक्षरही सुटत नाही, अशा मास्तराला हे सहन व्हावे कसे?

येथून आम्ही 'वरची प्रत' घेण्याच्या मार्गाला लागलो. दरमहा दीडशे रुपये बाजूला काढायचे आणि वर्षातून एक-दोनच नाणी घ्यायची, असा नियम केला. थोडक्या पैशांत काय साधते हे हळूहळू कळले. चांदीच्या मागे लागू नये. ब्राँझमध्ये स्वस्ताई आहे. दुर्मिळ बादशहा सोडून द्यावेत; ज्यांची नाणी उदंड, त्यांचीच चांगली प्रत परवडते. आधी अक्षरे वाचता येतात का ते पाहावे, मग चेहरा, मग ठसा मधोमध बसला आहे की नाही, आणि चकाकी सर्वांत शेवटी. घरी आणून चिंच-मीठ कधीही लावू नये. शतकानुशतके जमलेला हिरवा-तपकिरी थर हीच नाण्याची त्वचा असते. फिकट हिरवी भुकटी सुटू लागली तर मात्र तो रोग समजावा आणि ते नाणे इतरांपासून दूर ठेवावे. पावती देत नाही त्याच्याकडून घेऊ नये, कारण चोरून उकरलेला माल असाच बाजारात येतो.

आम्ही फसलोही. एकदा एक नाणे फार सुबक वाटले म्हणून घेतले. भिंगाखाली पाहतो तो बादशहाचे केस एका लयीत, नव्या टोकदार हत्याराने कोरलेले! झिजलेल्या नाण्यावर कोणी आजच्या हाताने नवे तारुण्य चढवले होते. तेव्हापासून अतिसुंदर नाण्याकडे आम्ही उपवर मुलाच्या बापाने सांगितलेल्या पगाराकडे पाहावे तसे पाहतो.

२०११ साली मुंबईच्या एका नाणे-प्रदर्शनात हवे होते ते सापडले. तीच स्त्री, तोच बैल, तोच सिंह, आणि खाली तीन उभ्या रेघा स्पष्ट. तिसरे वर्ष, म्हणजे इ. स. २४१-४२. किंमत बावीसशे. खिशात एकोणीसशे. विक्रेत्याने आमच्या जुन्या नाण्याचे तीनशे धरले. संग्रह वाढवायचा तर खालची प्रत काढून टाकावी लागते, हे शास्त्र आम्हांला पाठ होते. आम्ही क्षणभरही थांबलो नाही. परतीच्या गाडीत रात्रभर त्या तीन रेघांवरून अंगठा फिरवत बसलो होतो.

गेल्या दिवाळीत बंधू सात वर्षांनी घरी आले. फराळ झाल्यावर म्हणाले, "दादा, माझं नाणं काढ ना."

आम्ही नवे नाणे पुढे केले. साल कसे वाचावयाचे ते उत्साहाने सांगू लागलो. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी नीट पाहिले, "फारच छान आहे," म्हणाले, आणि मग सहज विचारले, "आणि माझं?"

आम्ही खरे ते सांगितले. ते म्हणाले, "बरं केलंस. त्यात काही दिसतच नव्हतं." थोड्या वेळाने, सौ.शी बोलता बोलता, आम्हांला वीस वर्षांत न कळलेली गोष्ट निघाली. ते सहा पौंड पहिल्या पगारातले होते. आईसाठी शाल, आणि दादासाठी ते नाणे. पहिल्या पगारातून दोनच वस्तू घेतल्या होत्या. शाल आई गेली तेव्हा तिच्यावर घातली होती.

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. नाण्याच्या प्रतीचा हिशेब आम्ही नीट केला होता. अक्षर, चेहरा, ठसा, त्वचा, सारे तपासले होते. ते कोणी दिले, हा रकाना आमच्या वहीत नव्हता. अशी चूक आठवीतल्या मुलाने केली असती तर आम्ही लाल शाईने अधोरेखित केली असती.

पहाटे उठून जुन्या वह्या चाळल्या. २००४ च्या वहीत मुलांनी काढलेले दोन ठसे घडी करून ठेवलेले निघाले. पेन्सिलीची राखाडी पूड, तीत अंधूक बैल, अंधूक सिंह, मधे ती देवी, आणि खाली साल असावयास हवे तेथे कोरी जागा. बंधूंनी कागद उजेडात धरला आणि बराच वेळ पाहत राहिले. मग विचारले, "यातला एक नेऊ?"

१९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. कागदाला ती मनाई नाही. एक ठसा त्यांच्या पारपत्राच्या पाकिटातून इंग्लंडला गेला. दुसरा आमच्या डब्यात, तीन रेघांच्या त्या नाण्याच्याच पाकिटात आहे. वहीत आम्ही एक नवा रकाना आखला आहे. तेव्हापासून वरची प्रत घेतलीच, तर खालची आम्ही देत नाही. ती शाळेत मुलांच्या हाती फिरते. डबा मात्र आता लहान पडू लागला आहे, आणि सौ.ने बिस्किटांचा दुसरा डबा रिकामा करून दिला आहे.