करोलबागेतली भावंडं आणि दिल्लीची हरणं

सख्खी-चुलत धरून आम्ही चार भावंडं करोलबागेत वाढलो. गल्ली पंजाबी, घर मराठी, शाळा पहाडगंजातली नूतन मराठी, आणि हिंडायला रिजच्या टेकड्यांवरचं काटेरी रान. त्या काळच्या करोलबागेतल्या मराठी पोरांना विचारा, भुली भटियारीच्या महालाकडे फिरकायचं नाही ही ताकीद सगळ्यांना मिळालेली असणार. आम्ही जायचोच. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाच्या काळात शिकारीसाठी बांधलेली ती वास्तू. तिच्या पडक्या भिंतीवर चढून आम्ही हरणं शोधायचो. मोर दिसायचे, माकडं दिसायची, संध्याकाळी कोल्हेकुई ऐकू यायची. हरीण मात्र एकही नाही. मग बादशहा इथे येऊन मारत काय होता, असं दादाने एकदा वडिलांना, म्हणजे अप्पांना विचारलं.

अप्पा कायदा मंत्रालयात होते आणि इतिहास वाचायची त्यांना भारी हौस. त्यांनी आम्हाला पालमची गोष्ट सांगितली. जहांगीर पालमच्या माळावर पाळीव चित्ते सोडून काळविटं धरायचा. दिल्लीभोवतीचा मुलूख तेव्हा गवताळ होता, मधूनमधून बोर, करीर, पळस, आणि अरवलीच्या उतारांवर धौ. काळवीट, चिंकारा आणि रोही (नीलगाय) हे इथले मूळचे रहिवासी. आम्ही ऐकत होतो तेव्हा पालमच्या त्याच भागात विमानं उतरत होती.

आमचे आजोबा कर्जत तालुक्यातले, तेव्हाचा अहमदनगर जिल्हा. त्यांच्याकडे शेतराखणीची ठासणीची बंदूक होती. ज्वारी हुरड्यात आली की काळविटांचे कळप रात्री रानात उतरत आणि सकाळपर्यंत पट्टाच्या पट्टा साफ होई. आजोबांनी मारलेल्या एका काळविटाचं मृगाजिन देवघरात होतं, त्यावर बसून ते जप करीत. शिकारीची हकीकत सांगताना त्यांचा आवाज कधी खाली गेला नाही आणि आम्हालाही ते कधी निर्दय वाटले नाहीत. पोटाला लागणारं पीक वाचवायचं की जनावर सोडून द्यायचं, हा पेच त्यांच्यापुढे दर सुगीला उभा राहायचा.

दिल्लीत साठच्या दशकात ज्या शिकारी आमच्या कानांवर आल्या त्यांचं पिकाशी काही नातं नव्हतं. शनिवारी रात्री जीपमधून सोहना, झज्जरकडे जायचं, सर्चलाइटच्या झोतात डोळे चमकले की गोळी घालायची. फाळणीनंतर माळ झपाट्याने नांगरले गेले, त्यात बंदुका आणि जीपगाड्या वाढल्या. उघड्यावर जगणारं काळवीट त्यात टिकणं कठीणच होतं. शहरात कातड्यांचा बाजार राजरोस चाले. पुराण्या किल्ल्याशेजारचं प्राणिसंग्रहालय 1959 साली सुरू झालं. साठच्या दशकात तिथले संचालक झालेल्या कैलास सांखला यांनी दिल्लीच्या दुकानांत टांगलेल्या वाघ-बिबट्यांच्या कातड्यांची पाहणी करून तो व्यापार लोकांपुढे मांडला. अप्पा त्यांचं नाव फार आदराने घेत.

1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आमच्या घरी अप्पांच्या तोंडून आला. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी त्यातल्या तरतुदी वाचून दाखवल्या. शिकार तेव्हा पूर्ण बंद झाली नव्हती, परवाने होते. पण वाहनातून शिकार नाही, रात्री दिव्याच्या झोतात नाही, मादी आणि पिल्लू मारायचं नाही, आणि ज्या हरणाची शिंगं अजून मखमली सालीत आहेत त्यालाही हात लावायचा नाही. ही शेवटची अट ऐकून ताई इतकी खूश झाली की दुसऱ्या दिवशी तिने वर्गात सगळ्यांना ती सांगितली. कायदा लिहिणाऱ्या कोणीतरी वाढत्या शिंगांचा विचार केला होता. आजही ती आठवण निघाली की तिला भरून येतं. परवान्यांची ती सगळी पद्धत पुढे 1991 च्या दुरुस्तीने मोडीत निघाली आणि छंदाची शिकार देशभर संपली.

या कायद्याने आमचं देवघरही बदललं. दादाची मुंज आधीची, तिच्यात अजिनाचा तुकडा सहज मिळाला होता. धाकट्याच्या मुंजीच्या वेळी गुरुजींनी तोच मागितला तेव्हा अप्पांनी हात जोडले. "गुरुजी, आता ते विकत घेणं गुन्हा आहे. कापडाची पट्टी चालवून घ्या." गुरुजींनी थोडा विचार केला आणि चालवून घेतलं. आजोबांच्या मृगाजिनासाठी अप्पांनी रीतसर अर्ज करून मालकीचा दाखला मिळवला आणि तो शिधापत्रिकेसोबत लोखंडी कपाटात ठेवला.

गोळीची भीती गेली, मग हरणं कुठे गेली? आमच्या पिढीपुरतं उत्तर हौज खासचं डिअर पार्क. नायब राज्यपाल आदित्यनाथ झा यांच्या नावाचं हे उद्यान. साठच्या दशकात सहा चितळांपासून तिथला कळप सुरू झाला असं सांगतात. रविवारी बस बदलत आम्ही तिथे पोचायचो, आईने पोळीचे रोल आणि बटाट्याची भाजी बांधून दिलेली असे. दिल्लीतल्या आमच्यासारख्या कितीतरी मुलांनी हरीण पहिल्यांदा पाहिलं ते या जाळीतून. त्यांच्या अंगावरचे ठिपके मोजायचा आमचा खेळ होता. ते सुख खरं होतं, मी ते कमी लेखणार नाही. पण चितळ हा झाडीचा, पाण्याजवळचा प्राणी. पालमचा काळवीट गेला आणि त्याच्या जागी कुंपणातला चितळ आला, हे आमच्या लक्षात यायला फार वर्षं लागली.

मोकळ्यावर वाढली ती रोही. तगडं जनावर, मादीला बहुधा जुळं होतं, बिबटे जवळपास संपलेले, आणि बंदूक कायद्याने थांबलेली. जेएनयूच्या आवारात ती निवांत चरताना दिसते, तशीच फरिदाबाद-गुडगावच्या मोहरीच्या शेतातही. अप्पांच्या कार्यालयातले एक शिपाई झज्जरकडचे. मूग आणि हरभऱ्याचं काय होतं ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर आम्ही आजोबांचीच काळजी पाहिली. रोहीला रानात गवत राहिलं नव्हतं. इंग्रजांनी रिजवर लावलेली वेडी बाभूळ, दिल्लीकरांची विलायती किकर, सगळीकडे पसरली आणि तिच्या खाली गवत धड उगवत नाही. त्यात बदरपूरच्या वाळूसाठी भाटीचे डोंगर खणले गेले. असोला अभयारण्य 1986 चं, त्याला भाटी जोडलं गेलं ते 1991 मध्ये, तोवर तिथे खड्डेच खड्डे झाले होते. शिकार बंद करणारा कायदा शिकाऱ्याला आडवा येतो, वेड्या बाभळीला आणि खाणीला येत नाही.

2005 साली झज्जरच्याच काळवीट शिकारीच्या प्रकरणात क्रिकेटपटू मन्सूर अली खान पतौडी यांचं नाव आलं. फिरोजशाह कोटलावर त्यांना खेळताना पाहण्यासाठी अप्पांनी रजा काढलेल्या. त्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं आणि कोणाशीच बोलले नाहीत. खटला चालू असतानाच 2011 मध्ये पतौडी गेले.

घरातला सगळ्यात मोठा वाद 2016 चा. बिहारमध्ये रोहीला उपद्रवी प्राणी घोषित करून मोकामा परिसरात दोनशेहून अधिक जनावरं गोळ्या घालून मारली गेली. मनेका गांधी संतापल्या, पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर म्हणाले, शेतकऱ्यांसाठी राज्याने मागणी केली म्हणून परवानगी दिली. ताई मनेकांच्या बाजूची, दादा जावडेकरांच्या. दादाने आजोबांची ज्वारी काढली, ताईने मखमली शिंगं काढली. 2025 मध्ये हरियाणात नर रोही मारू देणाऱ्या नियमांना मान्यता मिळाली आणि बिश्नोई संघटनांनी विरोध केला, तेव्हा तोच वाद जसाच्या तसा पुन्हा झाला. माझं मत दोघांनाही पटत नाही. शेतकऱ्याला भरपाई वेळेवर मिळाली आणि रानात गवत परत आलं, तर बंदुकीची गरज बरीच कमी होईल. पर्यावरणशास्त्रज्ञ सी. आर. बाबूंनी वसंत विहारजवळच्या अरवली जैवविविधता उद्यानात मूळ झाडं आणि गवतं परत आणून दाखवली आहेत. असोल्यात बिबट्यांची छायाचित्रं मिळू लागली आहेत. हे होऊ शकतं.

आमच्या गावाकडे होऊनही गेलं. कर्जतजवळ रेहेकुरी अभयारण्य 1980 मध्ये झालं, अवघं 2.17 चौरस किलोमीटरचं. माळ राखला, काळविटं वाढली, आता ती आजूबाजूच्या शेतांतही उतरतात. दिल्लीशेजारच्या उत्तर प्रदेशात जेवरचा विमानतळ ठरला तेव्हाही तिथे काळविटं आणि सारस आहेत हे आधी नोंदलं गेलं आणि वन्यजीव आराखडा झाला. पालमच्या वेळी असा प्रश्न कोणाच्या मनातही आला नसेल.

अप्पा गेल्यावर मृगाजिन आमच्याकडे वारशाने आलं. वारशाची वस्तू नव्वद दिवसांत कळवावी लागते, ते दादाने केलं. पुढे 2022 च्या दुरुस्तीने अशी वस्तू स्वेच्छेने सरकारजमा करायची सोय झाली, आणि चौघांनी एकमताने ते देऊन टाकलं.

डिअर पार्कवर मात्र एकमत सोपं नव्हतं. सहाचे जवळपास सहाशे झाले होते. 2023 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने तिथली मान्यता काढली, आणि अडीचशेहून अधिक चितळ राजस्थानच्या व्याघ्र प्रकल्पांकडे हलवले गेले. कुंपणात जन्मलेलं जनावर एकदम वाघाच्या रानात सोडायचं का, यावर दावा झाला. गाभण माद्या आणि पाडसंही नेल्याचा आक्षेप घेतला गेला. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतर थांबवून पाहणीचा आदेश दिला. दादाचं म्हणणं, एवढ्या जागेत एवढे प्राणी ठेवणं हीच क्रूरता आहे. ते बरोबर आहे. ताईचं म्हणणं, मग नर-मादी वेळीच वेगळे का ठेवले नाहीत? तेही बरोबर आहे. शेवटी ताईने संबंधित अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं: आधी मोजणी करा, सोडण्याच्या जागी चारा, पाणी, सावली आहे का ते पाहा, वर्षभर मागावर राहा. आम्ही सगळ्यांनी त्यावर सह्या केल्या. धाकट्याने सही करण्याआधी पेन मागून दोन ओळी वाढवल्या. गाभण मादी आणि पाडस गाडीत चढवू नये. शिंगं मखमलीत असताना कुठल्याही नराला हलवू नये.