सहा फूट चार इंच

माझी उंची सहा फूट चार इंच, म्हणजे 193 सेंमी. हॉस्टेलच्या कॉटबाहेर पाय काढून झोपायची सवय आहे. पण अकोले तालुक्यातल्या बारी गावात, कळसूबाईच्या पायथ्याशी, तंबूबाहेर पाय काढणार कसे? थंडीत श्वासाची वाफ आतल्या कापडावर पाणी होऊन बसते. पाय तिथे टेकले की स्लीपिंग बॅग ओली, झोप गेली, आणि सकाळी 1646 मीटरचं शिखर चढायचं!

लेबलवर लांबी असते 210 सेंमी. दुकानदार म्हणतो, "पुरेल की!" पण ती जमिनीवरची लांबी. भिंती 60 अंशांत आत झुकलेल्या असतील, तर मॅटसकट 25 सेंमी उंचीवर दोन्ही टोकांना साडेचौदा सेंमी जातात. उरतात 181! त्रिकोणमिती परीक्षेनंतरही लागते ती अशी.

तेव्हा उंच मित्रांनो, दुकानात तंबू उभा करायला लावा आणि मॅट टाकून आत आडवे व्हा. टोकाच्या भिंती जितक्या उभ्या, तितकं बरं. नाहीतर एकट्याला दोघांचा तंबू घ्या, 210 बाय 130 चा, आणि तिरके झोपा. उतार वजा करूनही कर्ण 207 सेंमी मिळतो. जेमतेम मावतो आपण. ओझं थोडं वाढतं, वाढू दे राव. सकाळी शिड्या चढायला गुडघे मोकळे हवेत!